जखमेचा पुरावा कोणी द्यायचा?

प्रतापगडाच्या पायथ्याशी 10 नोव्हेंबर 1659 रोजी अफजलखानाची फौज मोडली. लढाईनंतर शिवाजी महाराजांनी आपल्या माणसांची काय व्यवस्था लावली, हे कृष्णाजी अनंत सभासदाने बखरीत नोंदवून ठेवले आहे. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले. ज्यांना मूल नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन लावून दिले. जखमींना दर असामी पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली, आणि कोणाला किती हे त्याची जखम पाहून ठरवले. ही बखर जिंजीला 1690 च्या दशकात, म्हणजे लढाईनंतर पस्तीसेक वर्षांनी लिहिली गेली. त्यामुळे आकड्यांबद्दल अभ्यासकांनी घासाघीस करावी. पण त्यामागचे तत्त्व स्पष्ट आहे. जखम जितकी खोल, तितकी भरपाई मोठी. ती जखम राज्याच्या कामी झाली की नाही, हा प्रश्न तिथे कोणी विचारल्याचे दिसत नाही. तो विचारण्याचे कारणही नव्हते. जखम सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली होती.

आज सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, बुलढाणा अशा जिल्ह्यांत शेकडो माजी सैनिक अपंगत्व पेन्शनच्या फायली घेऊन फिरतात. त्यांचे भांडण बहुतेक वेळा अपंगत्व आहे की नाही यावर नसते. मिरगी येते, मणका गेला आहे, ऐकू येत नाही, हे लष्कराच्या डॉक्टरांनीच लिहून दिलेले असते. भांडण असते ते दुखणे फौजेच्या नोकरीमुळे आले का, यावर. हा प्रश्न आपल्या कायद्यात कसा शिरला, आणि त्याचे उत्तर देण्याचे ओझे कधी जवानावर तर कधी सरकारवर कसे पडत गेले, याचा इतिहास दावा करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. त्याच्या दाव्याचे भवितव्य त्यातच दडलेले असते.

पेशवाईतही लढाईत कामी आलेल्यांच्या कुटुंबांना ‘बालपरवेशी’ मिळत असे. दप्तरांत त्याच्या नोंदी सापडतात. पण ही सगळी धन्याची मेहेरबानी होती. धनी कनवाळू असला तर घर चालायचे, तो बदलला की अर्ज घेऊन नव्या दरबारात उभे राहायचे. हक्क म्हणून काही मागण्याची सोय नव्हती.

ईस्ट इंडिया कंपनीने मेहेरबानीला नियमांचा साज चढवला. बंगालचा नवाब मीर जाफर याने रॉबर्ट क्लाइव्हसाठी मागे ठेवलेल्या पाच लाख रुपयांतून क्लाइव्हने 1770 साली एक निधी उभा केला. तो जायबंदी गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी, सैनिकांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी होता. देशी शिपायांसाठी बंगालमध्ये वेगळी वाट काढली गेली. भागलपूर आणि आसपासच्या भागात निकामी झालेल्या शिपायांना जमिनी देऊन त्यांची ‘इनव्हॅलिड ठाणी’ वसवली. पडीक जमीन लागवडीखाली येत होती आणि शिपाईही दूर जात नव्हता, असा कंपनीचा दुहेरी हिशेब होता. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ही पद्धत मागे पडली आणि रोख पेन्शन रूढ झाली.

आपल्याकडे याची खूण दापोलीत सापडते. ‘कॅम्प दापोली’ हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. दक्षिण कोकणातले हे लष्करी ठाणे. इथून मुख्य पलटणी हलल्यानंतर शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई फौजेतल्या वयस्कर आणि थकलेल्या शिपायांची व्हेटरन बटालियन इथे होती. पुढे ती मोडली, तरी पेन्शनरांची वस्ती राहिली. गोपाळबाबा वलंगकर हे फौजेतून निवृत्त होऊन याच भागात परतले आणि अस्पृश्यांच्या लष्करभरतीच्या हक्कासाठी त्यांनी इथूनच लेखणी चालवली. ज्या गावात पेन्शनचा पैसा नियमित येतो तिथे सरकारला लिहून विचारण्याची हिंमतही येते. दापोलीचा हा धडा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात अजून पुरेसा नोंदला गेलेला नाही.

कंपनीच्या काळात शिपाई निकामी झाला की नाही हे डॉक्टर आणि अधिकाऱ्यांची समिती ठरवायची. तिने ‘इनव्हॅलिड’ म्हटले की पेन्शन, नाहीतर पुन्हा पलटण. या एका शिक्क्याचे मोल शिपायांना पुरते ठाऊक होते. 1856 मध्ये बंगाल फौजेत नवा हुकूम निघाला, की परदेशी मोहिमेला नालायक ठरलेल्या शिपायाला पेन्शनवर घरी न पाठवता छावणीतल्या कामाला लावावे. 1857 च्या उठावाची कारणे मोजताना काडतुसांचा उल्लेख सगळे करतात. जॉन केसारख्या इतिहासकाराने या पेन्शनच्या हुकमाचीही दखल घेतली आहे, आणि ते योग्यच आहे. उतारवयाचा आधार काढून घेतला जातोय ही भावना शिपायासाठी लहान नव्हती.

राणीचे राज्य आल्यावर दार आणखी घट्ट लागले. 1871 च्या पेन्शन कायद्याच्या चौथ्या कलमाने पेन्शनबाबतचे दावे दिवाणी न्यायालयात चालवण्यास मनाई केली. कलेक्टरच्या प्रमाणपत्राशिवाय न्यायाधीश त्याकडे बघूही शकत नव्हता. पेन्शन ही सरकारची कृपा, आणि कृपेबद्दल फिर्याद कसली, हा त्यामागचा विचार. पुढची जवळजवळ शंभर वर्षे जायबंदी सैनिकाच्या हातात फक्त अर्ज होता.

त्या शंभर वर्षांत दोन महायुद्धे आली.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात उतरलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच ‘पूना डिव्हिजन’. तिच्यात 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफोनला ही डिव्हिजन अडली, मागे फिरली आणि कुट-अल-अमाराच्या वेढ्यात सापडली. टेसिफोनचे जखमी टायग्रिस नदीतून बोटींवर आणि पडावांवर घालून बसऱ्याला आणले गेले. प्रवास दिवसच्या दिवस चालला. ना पुरेसे डॉक्टर, ना पट्ट्या बदलायला माणूस. बसऱ्याच्या बंदरात इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर यांनी ‘मेजिदिए’ नावाची बोट येताना पाहिली. जखमी स्वतःच्या मळात पडून होते आणि बोटीच्या बाजूंवरून ती घाण ओघळून सुकली होती. कार्टर यांनी जे पाहिले ते लेखी कळवले. वरिष्ठांनी त्यांना अटकेची धमकी दिली. 1917 मध्ये मेसोपोटेमिया चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा हेच टिपण जगासमोर आले आणि ब्रिटनमध्ये खळबळ उडाली. एका डॉक्टरने वेळीच केलेली नोंद किती कामाची असते, याचे याहून मोठे उदाहरण शोधावे लागणार नाही. ज्या शेकडो जखमींबद्दल कोणी काहीच लिहिले नाही, ते नंतर कुठे आणि कसे जगले, हे कोणत्याही कागदावर नाही.

त्याच 1917 साली मुंबईच्या गव्हर्नरची पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत अपंग भारतीय सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झाले. हात किंवा पाय गमावलेल्या जवानाला गावी पाठवण्याआधी पोट भरता येईल असा हुन्नर शिकवावा, असा हेतू होता. संस्था पुढे पुण्याजवळ खडकीला गेली आणि आजही तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धात पुण्याच्या वानवडी भागात 1944 साली कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. पुणे आणि खडकी हे जायबंदी सैनिकांचे गाव बनले ते असे. गोळी बर्मात लागो की इटलीत, पाय पुण्यात बसवला जायचा.

त्याच काळात विलायतेत एक मोठा बदल होत होता. युद्धपेन्शन नाकारण्याच्या पद्धतीवर ब्रिटिश संसदेत संताप उसळला आणि 1943 च्या शाही वॉरंटने ठरवले, की दुखणे नोकरीमुळे आले हे सिद्ध करण्याचे ओझे सैनिकावर नसेल. शंका उरली तर तिचा फायदा सैनिकाला मिळेल. पेन्शनची अपिले ऐकण्याचे काम आल्फ्रेड डेनिंग या न्यायाधीशाकडे आले. सैनिक धडधाकट म्हणून भरती झाला असेल आणि आजारी होऊन बाहेर पडला असेल, तर मधल्या काळाचा जाब सरकारने द्यावा, ही रीत त्यांच्या निकालांनी पक्की केली. भारतातल्या पुढच्या नियमांत हाच विचार उतरला, जवळपास त्याच शब्दांत. फरक इतकाच, की तिकडे तो लगेच अमलात आला आणि इकडे तो कागदावरून माणसापर्यंत पोचायला काही पिढ्या गेल्या.

स्वातंत्र्यानंतर 1961 च्या आर्मी पेन्शन रेग्युलेशनमधल्या 173 व्या नियमाने चौकट ठरवली. जवान अपंगत्वामुळे बाहेर पडला, ते अपंगत्व 20 टक्के किंवा जास्त असले, आणि ते लष्करी सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असले, तर पेन्शन. यातला ‘किंवा’ फार मोलाचा. मूळ आजार घरचाच असला, तरी सियाचिनच्या थंडीने किंवा सततच्या ताणाने तो वाढला असेल, तर तेवढे पुरते. फौजेत यांना ‘अॅट्रिब्युटेबल’ आणि ‘अॅग्रॅव्हेटेड’ म्हणतात. दोन्ही नाकारले की फायलीवर एनएएनए ही चार अक्षरे पडतात.

व्यवहारात फाइल फिरायची ती अशी. ‘बोर्ड आउट’ होणाऱ्या, म्हणजे अपंगत्वामुळे सेवेतून काढल्या जाणाऱ्या जवानाची मेडिकल बोर्डापुढे तपासणी व्हायची. बोर्ड टक्केवारी लिहायचे आणि दुखण्याचा सेवेशी संबंध आहे की नाही, हेही. कागद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात जायचे. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्याचे बेळगावला, महार रेजिमेंटवाल्याचे सागरला, बॉम्बे सॅपर्सवाल्याचे खडकीला. तिथून अलाहाबादच्या पेन्शन कार्यालयात. अखेर खेड्यातल्या घरी एक पत्र यायचे, आणि बहुतेक पत्रांत एकच ओळ असायची: आपला आजार लष्करी सेवेशी संबंधित नाही, सबब दावा अमान्य. का नाही, याचे कारण नसायचे. ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हते त्याने ते पत्र शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतले, ट्रंकेत ठेवले आणि शेताला लागला. अपील करता येते, आणि त्याला सहा महिन्यांची मुदत असते, हे त्याला कोणी सांगितले नाही.

लढाईत जखमी झालेल्यांची गोष्ट तुलनेने सरळ होती, तरी सोपी नव्हती. इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर ईएमई या लष्कराच्या तांत्रिक शाखेतले जवान, आणि मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात अंगात गोळ्या शिरल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे झाले. मुंबईच्या अश्विनी रुग्णालयात उपचार म्हणून ते पाण्यात उतरले, आणि 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचे पहिले सुवर्णपदक घेऊन परतले. पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळाली ती 2018 साली. पेटकरांची जखम कोणालाही नाकारता येण्यासारखी नव्हती, तरी देशाने त्यांच्याकडे नीट पाहायला अर्धे शतक घेतले. 1974 मध्ये खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झाले. मणका तुटलेल्या जवानांना राहायला आणि शिकायला हक्काची जागा झाली. पण ज्यांचे दुखणे बाहेरून दिसत नाही, त्यांच्यासाठी अशी कोणतीही इमारत नव्हती. मिरगीला जखम दिसत नाही. मन विस्कटले तर एक्स-रे निघत नाही.

पेन्शन ही कृपा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात म्हटले होते. 17 डिसेंबर 1982 च्या नकारा निकालाने ते देशभर पोचवले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या घटनापीठाचा हा निकाल. पेन्शनर आजही तो दिवस पाळतात. त्याच 1982 साली सैनिकांसाठी नवे ‘एंटायटलमेंट रूल्स’ आले. त्यांतले तीन नियम जायबंदी सैनिकाच्या बाजूने अगदी ठामपणे उभे होते. पाचव्याने म्हटले, की भरतीच्या वेळी काही नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असेच धरायचे, आणि नंतर प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असे मानायचे. नवव्याने म्हटले, की हक्क सिद्ध करण्याचे ओझे दावेदारावर नाही; रास्त शंकेचा फायदा त्यालाच. चौदाव्याने बोर्डाला एक सवलत दिली: भरतीच्या वेळी हा आजार ओळखता येणे शक्यच नव्हते असे बोर्ड म्हणू शकते, मात्र कारणे लिहून.

कारणे लिहून, या दोन शब्दांवर पुढची तीस वर्षे पाणी पडले. बोर्डांनी छापील फॉर्मवर ‘नाही’ लिहिले आणि सही केली.

हे चक्र थांबवणारा माणूस सिग्नल कोअरचा एक साधा शिपाई होता. धरमवीर सिंग 15 जून 1985 ला भरती झाला. सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर मिरगीचे झटके, 20 टक्के कायम अपंगत्व, आणि 1 एप्रिल 1994 ला घरी. बोर्डाने लिहिले, आजाराचा सेवेशी संबंध नाही. पेन्शन नाकारली गेली. उच्च न्यायालयात एकल न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने निकाल दिला, खंडपीठाने तो फिरवला. 2 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 1982 चे नियम एकेक करून समोर मांडले आणि सांगितले, की भरतीच्या कागदांत मिरगीची नोंद नाही, बोर्डाने कारण दिलेले नाही, म्हणून आजार सेवेमुळे आला असेच धरावे लागेल. सरकारने तीस वर्षांपूर्वी स्वतःच लिहिलेले नियम न्यायालयाने फक्त मोठ्याने वाचून दाखवले. या निकालाने किती घरांत पैसा गेला असेल, याची गणती अवघड आहे. पण त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक दाव्यात, मुंबईतल्या असोत की चंदीगडच्या, धरमवीर सिंगचे नाव येते.

पाठोपाठ आणखी निकाल आले. जून 2014 मध्ये सुखविंदर सिंग खटल्यात न्यायालयाने म्हटले, की ज्याला अपंगत्वामुळे नोकरीतून काढले त्याचे अपंगत्व 20 टक्क्यांहून कमी आहे असे म्हणताच येणार नाही. 10 डिसेंबर 2014 ला राम अवतार प्रकरणात सरकारची सुमारे 880 अपिले एकदम निकालात निघाली. तिथला मुद्दा ‘राउंडिंग ऑफ’चा होता. पाचव्या वेतन आयोगानंतर 2001 च्या आदेशाने 50 टक्क्यांच्या आतले अपंगत्व 50 धरायचे, 50 ते 75 चे 75, आणि त्यावरचे 100, असे ठरले होते. एकाच दुखण्याला एक बोर्ड 20 म्हणते, दुसरे 40, ही तफावत मिटवायचा तो उपाय. सरकारने तो फक्त ‘बोर्ड आउट’ झालेल्यांना दिला आणि पूर्ण नोकरी करून अपंगत्वासह निवृत्त होणाऱ्यांना नाकारला. न्यायालयाने हा भेद पुसला.

याचा घरखर्चातला अर्थ असा. अपंगत्वाचा हिस्सा 100 टक्क्यांसाठी शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के असतो. शेवटचे वेतन 40,000 धरले तर 100 टक्क्यांना महिना 12,000 रुपये. 20 टक्क्यांना 2,400. तेच राउंडिंगने 50 धरले की 6,000. त्यावर महागाई भत्ता वेगळा. खेड्यातल्या घरात मधले 3,600 रुपये म्हणजे औषधे, आणि मुलीच्या कॉलेजचा एसटीचा पास. युद्धात किंवा शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यांना ‘वॉर इंज्युरी’ पेन्शन असते आणि तिचा दर याहून बराच वर आहे. म्हणून जखम कोणत्या कारवाईत झाली, हे नेमके नोंदले गेले आहे का ते पाहणे फार गरजेचे.

एकाच मुद्द्यावर सैनिक शेकडो वेळा जिंकतो आणि सरकार शेकडो वेळा अपील करते, हे थांबायला हवे असे सरकारातल्याच काहींना वाटू लागले. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये त्यांनी खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. नोव्हेंबरात आलेल्या तिच्या अहवालाने अपंग सैनिकांविरुद्धच्या अपिलांवर कडक बोट ठेवले. अपिले कमी व्हायला हवी होती. तशी ती झाली नाहीत.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. 2023 मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालाने दाखवले, की अपंगत्व पेन्शनसह निवृत्त होण्याचे प्रमाण अधिकाऱ्यांमध्ये जवानांपेक्षा खूप जास्त आहे, आणि त्यात मधुमेह, रक्तदाब यांसारखे आजार मोठ्या संख्येने आहेत. बर्फात झोपणाऱ्या शिपायासाठी बनवलेल्या नियमाचा फायदा कोणी सोयीने घेत असेल, तर त्याचा पहिला फटका त्या शिपायालाच बसतो, कारण मग प्रत्येक फाइलकडे संशयाने पाहिले जाते. तसेच झाले. 2008 च्या नियमांनी जुने गृहीतक बरेच पातळ केले होते. 21 सप्टेंबर 2023 च्या नव्या नियमांनी चौकट आणखी आवळली आणि आजार असूनही नोकरी पुरी करणाऱ्यांच्या रकमेला ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असे वेगळे नाव दिले.

म्हणून आज दावा करणाऱ्याने सर्वात आधी आपली निवृत्तीची तारीख पाहायची. 2008 पूर्वीचा असेल तर 1982 चे नियम आणि धरमवीर सिंग थेट त्याच्या पाठीशी आहेत. 2008 ते सप्टेंबर 2023 मधला असेल तर बोर्डाने कारणे लिहिली का, हा प्रश्न मुख्य. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये एका माजी सुभेदाराच्या मधुमेहाच्या प्रकरणात म्हटले, की या नियमांखालीही ‘शांत ठाण्यावर आजार झाला’ एवढे लिहून बोर्डाला सुटता येत नाही. सप्टेंबर 2023 नंतरच्यांना नव्या नियमांतूनच वाट काढावी लागेल. तिथे नोकरीत असतानाच केलेल्या नोंदींचे वजन सर्वात जास्त असेल.

नोंद म्हणजे काय, हे जुन्या फायली वाचल्या की कळते. दुखापत झाली त्या वेळचा इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा निष्कर्ष. पहिल्यांदा ‘लो मेडिकल कॅटेगरी’ मिळाली तेव्हाचे बोर्डाचे कागद, आणि त्या वेळी जवान कुठल्या ठाण्यावर होता. रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत, फक्त शेवटचे पान नव्हे. भरतीच्या वेळच्या तपासणीचा कागद तर सोन्यासारखा, कारण त्यात आजाराची नोंद नसणे हाच मुख्य पुरावा. हे कागद हाती नसतील तर माहिती अधिकाराखाली रेकॉर्ड ऑफिसकडून मागता येतात, आणि तिथे उशीर परवडत नाही: ज्यांना पेन्शन नाही अशांची सेवेची कागदपत्रे 25 वर्षांनी नष्ट करण्याची लष्करी नियमांत तरतूद आहे. कित्येक खरे दावे त्यातच गेले. आजार होता, साक्षीदार जिवंत होते, फक्त फाइल नव्हती.

सुटीतला अपघात हा आणखी एक जुना वाद. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका जवानाचे प्रकरण आले. किरकोळ रजेवर घरी जाताना रेल्वेतून उतरताना तो पडला आणि त्याला हात गमवावा लागला. प्रवास सरकारी खर्चाने नव्हता, म्हणून पेन्शन नाकारली होती. रजा अधिकृत होती, तिकीट कोणी काढले यावर हक्क ठरू शकत नाही, असे म्हणत न्यायालयाने ती दिली. पण गावी वार्षिक सुटीत असताना मोटारसायकलवरून पडलेल्यांचे दावे नंतरच्या निकालांत फेटाळलेही गेले आहेत. अपघाताचा नोकरीशी धागा जुळवता येतो का, यावर तिथे सगळे ठरते.

दाद मागायची जागा आता पूर्वीपेक्षा जवळ आहे. 2007 च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आले, 2009 मध्ये त्याचे काम सुरू झाले; महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचे मुंबईत खंडपीठ आहे. आधी लष्करांतर्गत पहिले अपील, मग दुसरे, आणि तरी नकार आला किंवा सहा महिने उत्तरच आले नाही तर न्यायाधिकरण. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च 2023 च्या निकालाने उच्च न्यायालयाचे दारही पुन्हा उघडे झाले. अर्ज कसा लिहावा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येते. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी तिथे आजही म्हातारे हवालदार पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची झेरॉक्स घेऊन बसलेले दिसतात. उशीर झाला म्हणून दावा मरत नाही, कारण पेन्शन दर महिन्याची असते आणि न मिळालेला प्रत्येक महिना नवा अन्याय ठरतो. 2008 च्या तरसेम सिंग निकालाने हे मान्य केले. त्या प्रकरणात 1983 साली बाहेर पडलेला जवान 1999 मध्ये न्यायालयात आला होता. मात्र त्याच निकालाने थकबाकी दाव्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित केली. सोळा वर्षे गप्प राहण्याची किंमत ती होती. अर्जदार मध्येच वारला तर थकबाकीचा हक्क वारसांकडे जातो, हेही अनेक विधवांना ठाऊक नसते.

एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सियाचिनमध्ये असताना झटके सुरू झालेल्या आणि 1989 साली घरी पाठवलेल्या एका शिपायाला अपंगत्व पेन्शन मंजूर केली. पुढच्याच महिन्यात स्किझोफ्रेनियाचे निदान करून बाहेर काढलेल्या एका जवानाच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले, की कारणे न देणारा बोर्डाचा अहवाल पेन्शन नाकारायला पुरेसा नाही. सियाचिनच्या त्या शिपायाला निकालासाठी छत्तीस वर्षे थांबावे लागले. त्याची फाइल टिकली होती, म्हणून ती न्यायाधीशांपुढे उघडता तरी आली.